उघड्या माळावर ऐकू जाईल असा स्पीकर

माझे काका दरवर्षी एका दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. एका वर्षी निघायच्या महिनाभर आधी त्यांनी मला काम सांगितलं. "मुक्कामाला संध्याकाळी हरिपाठ असतो, रात्री कीर्तन. पन्नास-साठ माणसं बसतात. बुवांचा आवाज पहिल्या तीन रांगांपर्यंत जातो, मागच्या बायाबापड्यांना नुसते टाळ ऐकू येतात. एक स्पीकर करून दे. लाइट नसते हे लक्षात ठेव. आणि पाऊस असतो, हेही."

मी तीन इंच व्यासाचे दोन स्पीकर घेतले, '१०० वॉट' असं छापलेला एक बोर्ड घेतला, आणि छोटीशी सुबक पेटी केली. घरात ती दणदणीत वाजली. लोणंदच्या मुक्कामाला मात्र तिचा आवाज माळावर विरून गेला. पंधरा-सोळा पावलांवर बसलेल्यांना बुवा काय सांगताहेत ते कळेना. त्या रात्री जे चुकलं त्याचा हिशेब मी नंतर वर्षभर मांडला, आणि दुसरी पेटी त्या हिशेबावर बांधली. तो हिशेब इथे सांगतो. शाळेच्या मैदानावर, शेतात किंवा गावच्या पारावर, कुठेही तो लागू पडतो.

घरात आवाज भिंतींवर आपटून परत येतो. स्पीकरने एकदा दिलेला आवाज आपल्या कानावर दहा वाटांनी पोचतो. माळावर एकच वाट उरते, स्पीकरपासून कानापर्यंतची सरळ. बाकी सगळा आवाज आभाळात आणि शेतात निघून जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एका मीटरवर १०५ डेसिबल असेल तर २ मीटरवर ९९, ४ मीटरवर ९३, ८ वर ८७ आणि १६ वर ८१.

डेसिबलचं गणित थोडं तिरकं आहे, पण दोन गोष्टी पाठ केल्या की पुरतं. स्पीकरला दिलेली वीज दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. दहापट केली की १० वाढतात, आणि तेव्हा कुठे आपल्या कानाला आवाज 'साधारण दुप्पट' झाल्यासारखा वाटतो. म्हणजे ५० वॉटचा अॅम्प्लिफायर काढून १०० वॉटचा बसवला तर फरक जाणवतो न जाणवतो इतकाच असतो. वॉट वाढवत जाणं हा महागडा आणि लांबचा रस्ता आहे.

जवळचा रस्ता स्पीकर निवडण्यात आहे. (दुकानात स्पीकर म्हणजे नुसता कोन, कॉइल आणि मॅग्नेट, लाकडी खोक्याला पेटी म्हणतात. मीही तसंच म्हणतो.) प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकावर एक आकडा असतो, सेन्सिटिव्हिटी. १ वॉट वीज दिली तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळेल, ते हा आकडा सांगतो. बाकी सगळं सोडून आधी हा बघा. माझ्या पहिल्या पेटीतल्या तीन-इंचीचा आकडा ८४ होता. नंतर घेतलेल्या आठ-इंची कागदी कोनाच्या स्पीकरचा ९३. नुसता ९ डेसिबलचा फरक दिसतो, पण ९ डेसिबल म्हणजे विजेत आठपट. मोठ्या स्पीकरला १६ वॉट दिले की जो आवाज निघतो, तोच छोट्यातून काढायला १२८ वॉट लागतील. एवढे वॉट त्या छोट्या कॉइलला दिले असते तर ती जळूनच गेली असती.

त्या १६ वॉटवर दोघांची तुलना करा. आठ-इंची एका मीटरवर १०५ डेसिबल देतो, म्हणून १६ मीटरवर ८१ उरतात. तीन-इंची ९६ देतो, तिथे उरतात ७२. शिवाय बोलण्याची सरासरी पातळी या कमाल आकड्यापेक्षा १०-१२ डेसिबल खालीच असते. म्हणजे शेवटच्या रांगेत एकाचे साधारण ७० पोचतात आणि दुसऱ्याचे ६०, जितकं एका मीटरवरचं साधं बोलणं असतं तितकं. भोवती जनरेटर चाललेला, पलीकडच्या दिंडीचे टाळ घुमताहेत, चुलीपाशी गप्पा रंगल्या आहेत. त्यात हे ६० कुठे टिकणार?

स्पीकर हे तसं फार वाया घालवणारं यंत्र आहे. ९२ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर दिलेल्या विजेतला सुमारे १ टक्का आवाजात बदलतो, उरलेले ९९ टक्के कॉइल तापवण्यात जातात. कोन आणि कॉइल जड असतात, हवा मात्र अगदी हलकी. जड वस्तूने हलक्या हवेला ढकलायचं म्हणजे बरीचशी ताकद फुकट जाते. तुतारीचं नळकांडं पुढे रुंदावत जातं ते यासाठीच. अरुंद टोकाकडचा दाब हळूहळू मोकळ्या हवेशी जुळवून दिला जातो. देवळावरचा कर्णा याच तत्त्वावर चालतो आणि एका वॉटला १०५ च्या आसपास डेसिबल देतो. मग कर्णाच का नाही घेतला? घेता येतो, बऱ्याच दिंड्या घेतातही. पण त्याच्या तोंडाच्या मानाने खालच्या स्वरांच्या लाटा फार लांब पडतात, ते स्वर त्यातून येतच नाहीत. पखवाजाची धुमाळी जाते, माणसाचा आवाज पत्र्यासारखा होतो, आणि दोन तासांचं कीर्तन तसं ऐकलं की डोकं जड होतं. काकांची अट होती की बुवांचा आवाज बुवांचाच वाटला पाहिजे.

आता त्या '१०० वॉट' बोर्डाकडे येऊ. हल्ली मिळणारे हिरवे-निळे छोटे बोर्ड क्लास-डी जातीचे असतात. ते विजेचे तुकडे करून अतिशय वेगाने चालू-बंद करतात, त्यामुळे फारसे तापत नाहीत आणि बॅटरीतली ९० टक्क्यांपर्यंत वीज स्पीकरला पोचवतात. बॅटरीवर चालणाऱ्या कामाला यांच्यासारखं दुसरं काही नाही. टीपीए ३११६ ही चिप खूप प्रचलित आहे आणि चांगली आहे. ती ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचं माप) दोन स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट देऊ शकते, पण २१ व्होल्टवर. ही अट बोर्डाच्या जाहिरातीत बारीक अक्षरात असते किंवा नसतेच.

आपल्या बॅटरीवर काय मिळेल ते स्वतः काढता येतं. बॅटरीचा व्होल्टेज घ्या, त्याचा वर्ग करा, स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा. १२ व्होल्ट आणि ४ ओहम: १४४ भागिले ८, म्हणजे १८ वॉट. ८ ओहमचा स्पीकर असेल तर ९. बोर्डावर काहीही छापलेलं असो, स्वच्छ आवाज इतकाच निघेल. त्यापुढे आवाजाची नॉब फिरवली तर फक्त चरचर वाढते. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीला ४ ओहमचा स्पीकर घ्या. मला १८ वॉट पुरेसे होते, कारण ९३ चा स्पीकर हातात होता.

पेटी का लागते, हे समजायला नुसता उघडा स्पीकर हातात धरून वाजवून बघा. आवाज येतो, पण पोकळ, तळ नसलेला. कोन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या स्वरांच्या लाटा मीटर-मीटर लांब असतात, त्या कडेने वळून मागच्या हवेला मिळतात आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. पेटी मागचा आवाज कोंडून ठेवते. पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनाला मागे ढकलते, त्यामुळे छोट्या बंद पेटीत खालचे स्वर पुन्हा अडतात.

इथे एक अतिशय सुंदर युक्ती आहे. गोव्याचं घुमट पाहिलं असेल तर ती लगेच कळेल. मातीच्या मडक्याला दोन तोंडं, एकावर कातडं, दुसरं उघडं. वाजवणारा उघड्या तोंडावर हाताचा पंजा कमी-जास्त झाकतो आणि घुमण्याचा स्वर बदलतो. आतली हवा स्प्रिंग, तोंडापाशी असलेली हवा वजन, आणि दोघांचा मिळून एक ठरावीक झोका. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या झोक्याचा अभ्यास केला, म्हणून त्यांचं नाव त्याला आहे. स्पीकरच्या पेटीला आपण तोंडाच्या जागी पाइप बसवतो. जिथे कोन थकायला लागतो, नेमक्या त्या स्वरावर पाइपमधली हवा डोलू लागते आणि कोनाचं काम स्वतःवर घेते.

पाइप किती लांब, हे अंदाजाने ठरवायचं नाही. माझ्या पेटीत आत २० लिटर हवा आहे. पाइप म्हणजे प्लंबिंगचा साधा पीव्हीसी, आतला व्यास ७ सेंटीमीटर. पेटी ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० झोक्यांवर, घुमावी असं हवं असेल तर पाइप ११ सेंटीमीटर लागतो. तोच १४ सेंटीमीटर ठेवला तर स्वर ५५ वर उतरतो. एवढ्याशा पाइपमधून तीन सेंटीमीटरचा तुकडा कापला की पखवाजाच्या बायाचा, म्हणजे डाव्या तोंडाचा, आवाज बदलतो, हे मी कानांनी ऐकलं आहे, आणि मला त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही. तुमच्या स्पीकरला कुठला आकडा योग्य, ते त्याच्या माहितीपत्रकावर छापलेल्या एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस या तीन मोजमापांवरून कळतं. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत ही पद्धत बसवली. आज ते तीन आकडे टाकले की फुकट मिळणारी संगणक-प्रणाली पेटीचं माप आणि पाइपची लांबी दोन्ही काढून देते. माहितीपत्रक न देणाऱ्याकडून स्पीकर घेऊ नका, एवढंच मी म्हणेन.

एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. छोटी पेटी, मोठा आवाज आणि खोल बेस, या तिघांतली कुठलीही दोनच मिळतात. हा निसर्गाचा नियम आहे, त्याला पळवाट नाही. मोटारीत लावायचे सबवूफर छोट्या पेटीत खोल बेस देतात, पण त्यांची सेन्सिटिव्हिटी कमी असते. माळावर ते बॅटरी खातात आणि पुढच्या दोन रांगा सोडून कोणाला काही देत नाहीत. मी ६० हर्ट्झच्या खालचं सगळं सोडून दिलं. तिथे कीर्तनाचं काही नसतं, फक्त माइकवरचा वारा आणि बुवांच्या पायाची धप्प असते. उलट पाइपच्या स्वराच्या खाली कोनाला आधारच उरत नाही, तो मोकळा हेलकावतो आणि फाटू शकतो. म्हणून अॅम्प्लिफायरच्या आधी एक छोटा कपॅसिटर टाकून तळ कापून टाकावा. इनपुटचा रोध २० हजार ओहम असेल तर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ८० हर्ट्झपासून खालचं हळूहळू उतरवत नेतो.

वरच्या टोकालाही मदत लागते. आठ इंची कोन २ हजार हर्ट्झच्या वर आवाज टॉर्चच्या झोतासारखा फक्त समोर फेकतो. बाजूला बसलेल्यांना 'श' आणि 'स' ऐकू येत नाहीत, आणि शब्द कळतो तो या व्यंजनांवरूनच. त्यासाठी एक छोटा ट्वीटर, म्हणजे फक्त वरच्या स्वरांचा स्पीकर, वर बसवला, त्याच्या तारेत ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ८ ओहमच्या ट्वीटरला तो सुमारे ४ हजार हर्ट्झच्या वरचंच जाऊ देतो.

पेटी १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची. आतून २५ सेंटीमीटर रुंद, २५ खोल, ३५ उंच. हिशेबाने हे २० लिटरपेक्षा थोडं जास्त भरतं, कारण मॅग्नेट आणि पाइप आतली जागा खातात. एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी) स्वस्त आणि कापायला सोपं, पण आषाढात एकदा पाणी लागलं की बिस्किटासारखं फुगतं. सगळे सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्के करा, आतून सिलिकॉन भरा, स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी लावा. मग पेटी गळते का ते बघायची माझी आवडती पद्धत: खालचा एकच स्वर मोठ्याने लावायचा आणि पेटलेली उदबत्ती सांध्यांवरून सावकाश फिरवायची. जिथे धुराची सरळ रेघ थरथरते तिथे फट आहे. माझ्या पेटीत ती हँडलच्या स्क्रूपाशी निघाली. पाहायला सुईएवढं भोक, पण त्यातून बारीक फुसफुस येत होती आणि पखवाज भोंगळ वाटत होता. एक थेंब सिलिकॉन घातलं आणि आवाज घट्ट झाला.

बॅटरीसाठी पूर्वी सगळे १२ व्होल्ट ७ अॅम्पिअर-तासांची शिसे-आम्लाची घ्यायचे, यूपीएसमध्ये असते ती. वजन दोन किलोच्या वर, आणि रोज पूर्ण रिकामी केली तर वर्षभरातच मान टाकते. मी लिथियम-लोह-फॉस्फेट घेतली. तिच्या एका सेलचे ३.२ व्होल्ट, चार ओळीने जोडले की १२.८. ३२७०० नावाचा ६ अॅम्पिअर-तासांचा सेल १४० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे चार मिळून अर्धा किलोपेक्षा थोडे जास्त. हे रसायन १९९७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने मांडलं, आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं आहे. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे मोबाइलच्या सेलपेक्षा हे सेल भडकण्याचा धोका बराच कमी. तंबूत माणसं झोपलेली असताना शेजारी ठेवायची वस्तू आहे, तर हा मुद्दा मला किमतीपेक्षा मोठा वाटतो.

किती वेळ चालेल? १२.८ गुणिले ६ म्हणजे सुमारे ७७ वॉट-तास. १८ वॉट हे शिखर आहे, बोलण्या-गाण्यात सरासरी त्याच्या कितीतरी खाली असते. माझी पेटी सरासरी अर्धा अॅम्पिअर ओढते, म्हणजे बारा तास. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचं कीर्तन मिळून दिवसाला चार तास धरले तर तीन दिवस चार्जिंगची चिंता नाही. या बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, आवाज दबत जात नाही. त्याची दुसरी बाजू अशी की संपत आली हे व्होल्टमीटरवरून नीट कळत नाही आणि ती अचानक बंद पडते. म्हणून किती तास वाजली याची खडूने नोंद पेटीवरच ठेवतो.

सेलना सोल्डरिंगचा चटका देऊ नका. वेल्डिंग केलेला तयार पॅक घ्या, ज्यात बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारा, बोर्ड असतो. तो जास्त चार्ज, पूर्ण रिकामी होणं आणि शॉर्ट या तिन्हींपासून वाचवतो. तरीही बॅटरीच्या प्लस तारेवर, सेलच्या अगदी जवळ, ५ अॅम्पिअरचा फ्यूज हवाच. चार्जर १४.६ व्होल्टचा आणि याच जातीच्या बॅटरीसाठी लिहिलेला. आणि दिंडीच्या ट्रकवरून चार्ज करायचा मोह होतो, तिथे जपून: मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, थेट जोडलं तर सगळं संपलं.

ब्लूटूथचा छोटा बोर्ड आणि अॅम्प्लिफायर एकाच बॅटरीवर जोडले की बऱ्याचदा गाण्यामागे बारीक 'कुईं' ऐकू येते. मी दोन दिवस तारा बदलत बसलो होतो. दोष तारांत नव्हता. दोन्ही बोर्डांच्या जमिनीच्या तारा दोन वाटांनी जुळतात, आणि ब्लूटूथचा विजेचा गोंधळ त्या फेऱ्यातून अॅम्प्लिफायरमध्ये शिरतो. ब्लूटूथला वीज देताना मध्ये एक आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर टाकला की वाट तुटते. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, पुण्यात तपकीर गल्लीत विचारलं तर मिळेल. तो बसवला आणि पेटी एकदम शांत झाली.

पावसाचं म्हणाल तर पूर्ण जलरोधक पेटी घरी होत नाही, पण पाणी आत टिकू न देणं जमतं. पाइपचं तोंड मागे ठेवलं. वरच्या फळीची कड दोन सेंटीमीटर पुढे काढली, घराच्या पागोळीसारखी. बॅटरी आणि बोर्ड वेगळ्या कप्प्यात, जमिनीपासून उचललेले. कोनाची कड रबराची घ्या. फोमची कड आपल्या दमट हवेत चुरा होते. उन्हाचीही काळजी घ्या. ४५ अंशांच्या वर तापलेली बॅटरी चार्ज करायची नाही, म्हणून पेटीला काळ्याऐवजी पांढरा रंग दिला आहे.

ठेवायची कुठे, यावर निम्मा आवाज अवलंबून असतो. जमिनीवर ठेवली तर पुढच्या दोन रांगांची शरीरं वरचे स्वर पिऊन टाकतात. आम्ही ती ट्रकच्या फाळक्यावर ठेवतो, बसलेल्या माणसांच्या डोक्यांवर, तोंड किंचित खाली. मागे ट्रकची भिंत असल्याने पखवाजही भरून येतो. माइक स्पीकरच्या मागे राहिला पाहिजे. बुवा बोलता बोलता पुढे आले की शिट्टी बसते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला कायद्याने मनाई आहे, म्हणून कीर्तन त्याआधी उरकतं आणि काकडा सहानंतर माइकवर येतो.

एकंदर वजन सात किलोच्या आसपास झालं. दुसऱ्या वर्षी फलटणच्या मुक्कामाला मी शेवटच्या रांगेमागे जाऊन उभा राहिलो. बुवा दृष्टान्त सांगत होते, शब्द न् शब्द येत होता. पुढे बसलेल्या एका आजींनी शेजारणीला त्यातला एक शब्द विचारला, आणि तिने मागे न बघता तो सांगितला. काकांनी घरी आल्यावर एवढंच म्हटलं, "फ्यूज दोन जास्तीचे देऊन ठेव." ते आता बॅटरीच्या कप्प्याच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावलेले असतात.